शाळेची हद्द आणि पालकधर्म

अमेरिकेत घर विकत घेणारे कुटुंब जमीन, भिंती आणि छप्पर यांच्यासोबत आणखी एक हक्क विकत घेत असते. त्याचा उल्लेख खरेदीखतात कोठेही नसतो, पण त्याची किंमत मात्र पुरेपूर मोजलेली असते. तो म्हणजे विशिष्ट सरकारी हायस्कुलात मुलाला पाठवण्याचा हक्क. तेथील सरकारी शाळा बारावीपर्यंत विनामूल्य असतात आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश घराच्या पत्त्यावरून ठरतो. सगळा देश सुमारे १३,००० ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’मध्ये विभागलेला आहे. महाराष्ट्रातील महसुली जिल्ह्याशी या डिस्ट्रिक्टचे काहीच साम्य नाही. शाळा चालवण्यापुरता निर्माण केलेला तो स्थानिक स्वराज्याचा एक घटक असतो, त्याचे मंडळ बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेले असते आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच हद्दीतील घरांवर व जमिनींवर बसवलेल्या मालमत्ता करातून येतो. एका डिस्ट्रिक्टमध्ये एकाहून अधिक हायस्कुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला रस्त्यांची आणि वस्त्यांची एक ठरावीक हद्द येते; तिला ‘अटेंडन्स झोन’ म्हणतात. न्यू जर्सीतील एडिसन या टाउनशिपमध्ये एडिसन हायस्कूल आणि जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल अशी दोन सरकारी हायस्कुले आहेत, आणि तेथे घर शोधणारी मराठी कुटुंबे खोल्या किती हे विचारण्याआधी घर कोणत्या हायस्कुलाच्या हद्दीत येते हे विचारतात.

हद्दींची अशी तुलना करणाऱ्या आईवडिलांना हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो, आणि तो तसा आहेच. कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, कामाच्या ठिकाणचे अंतर आणि शाळेचे रेटिंग यांचा मेळ घालण्यात त्यांच्या कित्येक रात्री जातात. त्याच्या मुळाशी मात्र नीतिशास्त्रातील एक फार जुना प्रश्न आहे, तो असा की माणसाने स्वतःच्या मुलाला इतरांच्या मुलांपेक्षा किती झुकते माप द्यावे आणि ते माप कोठे थांबावे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आदर्श नगराच्या रक्षकवर्गासाठी कुटुंबसंस्थाच काढून टाकली, कारण आपले मूल कोणते हे आईबापांना कळले की न्यायाचा तराजू डळमळतो, असे त्याला वाटत होते. प्राचीन चीनमध्ये मोझीने सर्वांविषयी सारखीच आस्था बाळगण्याचा आग्रह धरला, आणि मेन्शियसने त्याला उत्तर देताना असे प्रेम म्हणजे स्वतःच्या पित्याला नाकारणे होय, असा ठपका ठेवला. हा वाद मिटलेला नाही. अमेरिकी शहरांच्या उपनगरांत तो आजही रोज लढवला जातो, फक्त तेथे त्याला घरखरेदी म्हणतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की हा नैतिक प्रश्न सहसा चुकीच्या क्षणी उभा केला जातो. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेणे योग्य की अयोग्य, यावर पुष्कळ चर्चा होते. परंतु घर घेतल्यानंतर त्या हद्दीचे काय करायचे, यावर फारशी होत नाही, आणि खरे नैतिक वजन त्या नंतरच्या वर्षांत आहे.

हद्द किमतीत कशी उतरते, हे आधी पाहिले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांतील अशा घरांची तुलना केली, जी प्राथमिक शाळांच्या हद्दरेषेच्या दोन बाजूंना, पण एकमेकांच्या जवळ होती. परिसर तोच, बाग तीच, महापालिका तीच, फरक केवळ शाळेचा. अशा स्थितीत शाळेच्या परीक्षेतील गुणांत ५ टक्के वाढ असेल तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के अधिक किंमत मोजायला तयार असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीचे महत्त्व असे की तिने शाळेची किंमत परिसराच्या किमतीपासून वेगळी करून दाखवली. विनामूल्य म्हणून जे सांगितले जाते त्याचे शुल्क बँकेच्या कर्जातून तीस वर्षे भरले जाते, आणि ज्यांना ते कर्ज मिळत नाही त्यांच्यासाठी ती शाळा विनामूल्य असूनही बंद असते.

एवढी किंमत देऊन नेमके काय मिळते, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर प्रत्येक घरासोबत शाळांचे एक ते दहा असे रेटिंग दिसते. ते बहुधा ‘ग्रेटस्कूल्स’ या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दिलेले असते. अशा रेटिंगमध्ये परीक्षेच्या गुणांना मोठे स्थान असते, आणि परीक्षेचे गुण हे शाळेने काय शिकवले याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मूल कोणत्या घरातून आले हे सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ शॉन रिअर्डन यांनी गुणांची पातळी आणि गुणांतील वाढ या दोन गोष्टी वेगळ्या करून मोजल्या, तेव्हा शिकागो शहरातील सरकारी शाळांविषयी एक अनपेक्षित चित्र समोर आले: २००९ ते २०१४ या काळात तिसरीपासून आठवीपर्यंत तेथील मुलांनी पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांची प्रगती केली होती. ज्या शाळांना घर शोधणारे पालक नकाशावरच ओलांडून पुढे जातात, त्यांतल्या कित्येक शाळांत शिक्षक मुलांना अपेक्षेहून पुढे नेत होते. म्हणजे दहापैकी नऊ रेटिंग असलेल्या हद्दीत घर घेणारे कुटुंब अध्यापनासाठी जेवढे पैसे मोजते त्याहून अधिक सहाध्यायांसाठी मोजते. आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावर कोणाची मुले बसतील, हे ते विकत घेते.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये अशा वस्तूंसाठी एक संकल्पना मांडली, तिला मराठीत स्थानसापेक्ष वस्तू म्हणता येईल. ज्या वस्तूचे मूल्य ती इतरांपाशी नसण्यावर अवलंबून असते, ती स्थानसापेक्ष. वाचन-लेखन शिकणे ही तशी वस्तू नाही, कारण शेजाऱ्याच्या मुलीला वाचता आल्याने कोणाच्या मुलाचे वाचन बिघडत नाही. मात्र नामवंत विद्यापीठातील जागा, वर्गातील वरचा क्रमांक, ‘उत्तम हायस्कुलातून आलेला’ ही ओळख या वस्तू तशा आहेत, आणि शाळेच्या हद्दीसाठी लावलेली बोली मुख्यतः यांच्यासाठी असते. तिचा भार मुलांवरही पडतो. न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या, भारतीय कुटुंबांत फार मागणी असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये २०१५ मध्ये तेथील अधीक्षकांनी विद्यार्थ्यांवरील ताणाविषयी पालकांना दीर्घ पत्र लिहिले आणि हायस्कुलातील सहामाही व वार्षिक परीक्षा बंद केल्या, तेव्हा पालकांत उभी फूट पडली. मुलांच्या झोपेची आणि मनःस्वास्थ्याची काळजी करणारे पालक एका बाजूला होते आणि शाळेचा दर्जा उतरेल या भीतीने अस्वस्थ झालेले, बरेचसे स्थलांतरित, पालक दुसऱ्या बाजूला होते. ज्या मुलाच्या हितासाठी घर घेतले त्याचे हित कशात आहे, याविषयीच एकमत उरले नव्हते.

परंतु हद्दीच्या आतल्या मुलांचे दुःख हा या प्रश्नाचा गाभा नव्हे. गाभा हद्दीबाहेर आहे, आणि तो समजण्यासाठी टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराकडे वळावे लागते. १९६८ च्या मे महिन्यात त्या शहरातील एजवुड हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी मोडक्या इमारती आणि अपुरे शिक्षक यांच्याविरुद्ध वर्गांवर बहिष्कार टाकला. त्यानंतर डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी न्यायालयात दाद मागितली. एजवुड डिस्ट्रिक्टमधील बहुसंख्य मुले मेक्सिकन वंशाची होती. त्याच महानगरातील अलामो हाइट्स हे डिस्ट्रिक्ट प्रामुख्याने गोऱ्या, सधन लोकांचे होते. न्यायालयापुढे आलेले १९६७-६८ या वर्षाचे आकडे विलक्षण बोलके आहेत. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती, तर अलामो हाइट्समध्ये ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवुडच्या रहिवाशांनी दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर असा त्या महानगरातील सर्वांत चढा कर स्वतःवर लावून घेतला आणि त्यातून राज्याच्या मूलभूत निधीतील आपला वाटा भरल्यावर दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरले. अलामो हाइट्सने ८५ सेंटचा कर लावला आणि ३३३ डॉलर मिळवले. राज्याचे व केंद्राचे अनुदान धरूनही एका मुलामागे ३५६ डॉलर आणि दुसऱ्यामागे ५९४ डॉलर असा फरक राहिला.

या आकड्यांमुळे एक नेहमीचा युक्तिवाद निकालात निघतो. जे आईवडील शिक्षणाला महत्त्व देतात, त्यासाठी झीज सोसतात, त्यांच्याच मुलांना चांगली शाळा मिळते आणि ते योग्यच आहे, असे पुष्कळदा ऐकू येते. मराठी मध्यमवर्गात तर हा युक्तिवाद जवळजवळ श्रद्धेच्या ठिकाणी आहे, कारण त्याच्या मागे स्वतःच्या कष्टांचा अनुभव असतो. एजवुडच्या पालकांनी अधिक झीज सोसली होती. त्यांनी अधिक दराने कर दिला आणि त्यांच्या मुलांना कमी मिळाले, कारण पैसा त्यागातून येत नव्हता, हद्दीच्या आत कोणाची घरे आहेत यातून येत होता. असे असूनही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले आणि न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्यावर कठोर भिन्नमत नोंदवले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार अशा मतांनी, त्याच न्यायालयाने शहरातील वंशविभाजन दूर करण्यासाठी उपनगरांतील डिस्ट्रिक्टच्या सीमा ओलांडता येणार नाहीत असे ठरवले, कारण त्या उपनगरांनी स्वतः काही घटनाभंग केल्याचे सिद्ध झालेले नव्हते. या दोन निकालांनंतर हद्दरेषा कायद्याच्या दृष्टीने जवळपास अभेद्य झाली. ती रेषा निसर्गाने आखलेली नव्हती. १९३० च्या दशकात सरकारी पत-नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात रंगवून तेथील गृहकर्जे अडवण्यात आली, घरांच्या करारपत्रांत विशिष्ट वंशाच्या लोकांना विक्री न करण्याच्या अटी घातल्या जात, आणि आजही लहान भूखंड किंवा भाड्याच्या इमारती यांना मनाई करणारे बांधकामनियम तेच काम वंशाचे नाव न घेता करतात. टेक्सासमध्ये लढा चालू राहिला, आणि १९८९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे ती करपद्धती एकमताने घटनाबाह्य ठरवली, हे मात्र नमूद केले पाहिजे.

एवढे कळल्यानंतर एखाद्या आईने किंवा वडिलांनी काय करावे? हॅरी ब्रिगहाउस आणि अॅडम स्विफ्ट या दोन तत्त्वज्ञांनी २०१४ च्या ‘फॅमिली व्हॅल्यूज’ या ग्रंथात पालकांच्या पक्षपाताची मर्यादा आखण्याचा नेमका प्रयत्न केला आहे. आईवडील आणि मूल यांच्यातील जवळीक ज्या कृतींवाचून संभवतच नाही, त्या कृती न्याय्य आहेत, मग त्यांतून मुलाला इतरांहून अधिक लाभ झाला तरी हरकत नाही. रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवणे अशी कृती आहे; त्यामुळे त्या मुलाची भाषा सुधारते आणि ते इतरांच्या पुढे जाते, तरीही ती थांबवावी असे कोणी म्हणणार नाही, कारण ती थांबवली तर पालकत्वच उरत नाही. महागडी शाळा विकत घेणे ही तशी कृती नाही, कारण तिच्यावाचून प्रेम अडत नाही. स्विफ्ट यांनी २००३ च्या आपल्या आधीच्या पुस्तकात आणखी एक सूक्ष्म भेद केला होता: अन्याय्य व्यवस्थेतही मुलाला पुरेशी चांगली शाळा मिळावी म्हणून धडपडणे समर्थनीय असू शकते, पण मुलाला इतरांच्या पुढे काढण्यासाठी केलेली धडपड तशी असू शकत नाही. हा भेद कागदावर स्वच्छ आणि व्यवहारात निसरडा आहे, कारण सर्व बाजूंनी बोली लागलेली असताना ‘पुरेसे’ सारखे वर सरकत राहते. तरीही तो टाकून देण्यासारखा नाही. ज्या शाळेत मूल सुरक्षित आहे आणि शिक्षक शिकवतात, त्या शाळेची हद्द सोडून केवळ रेटिंगचा आकडा सातवरून नऊवर नेण्यासाठी घर बदलणाऱ्या कुटुंबाने हा भेद स्वतःला विचारून पाहावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात याच कोंडीचे तार्किक रूप मांडले. प्रत्येक पालकाने आपापल्या मुलासाठी सर्वोत्तम ते केले तर काही परिस्थितींत सर्वच मुलांची स्थिती, प्रत्येकाच्या स्वतःच्या मुलासकट, अधिक वाईट होते. पारफिट यांचा रोख असा की जी नीती सर्वांनी पाळल्यास तिचेच उद्दिष्ट पराभूत होते, ती नीती सुधारली पाहिजे. मात्र एकट्याने माघार घेऊन ती सुधारत नाही. हद्दीबाहेर राहण्याचा निर्णय घेणाऱ्या एकट्या कुटुंबामुळे एजवुडसारख्या डिस्ट्रिक्टची करपात्र मालमत्ता वाढत नाही, आणि त्याच्या मुलाला मिळायचे ते कमी मिळते. यासाठीच घर घेण्याच्या क्षणी आईवडिलांवर अपराधाचा आरोप ठेवणे चुकीचे आहे. परदेशात येऊन आठ-दहा वर्षे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढून, बचत करून, मुलासाठी एका हद्दीत घर घेणाऱ्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या कुटुंबाने ती हद्द आखलेली नाही, आणि मुलाला तत्त्वासाठी झिजवण्याचा अधिकारही त्याला नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाला एक वेगळी दिशा सापडते, आणि ती पाश्चात्त्य चर्चेतील कोंडी थोडी सैल करते. प्लेटोपासून पुढे विचार असा चालतो की अपत्यप्रेम ही न्यायाच्या मार्गातील अडचण आहे, म्हणून ते कमी करावे किंवा त्याला कुंपण घालावे. बौद्धांच्या करणीय मेत्त सुत्तात याच्या उलट, एकुलत्या एका मुलाला प्राणपणाने जपणारी आई हाच सर्व प्राणिमात्रांविषयीच्या मैत्रीचा आदर्श मानला आहे. तुकोबांनी साधूची ओळख सांगणाऱ्या आपल्या सर्वतोमुखी असलेल्या अभंगात पोटच्या पोरावरची दया आणि घरातल्या दासदासींवरची दया यांत फरक न करणे ही कसोटी ठेवली आहे. या दोन्ही ठिकाणी मुलावरचे प्रेम घटवण्याची मागणी नाही. ते प्रेम मोजमाप म्हणून स्वीकारले आहे, आणि इतरांना काय द्यायचे ते त्या मापाने ठरवायचे आहे. स्वतःच्या मुलासाठी कोणती शाळा हवी हे ज्या पालकाला इतके बारकाईने कळते, त्याला चांगली शाळा म्हणजे काय याचे ज्ञान झालेले असते, आणि ते ज्ञान दुसऱ्याच्या मुलाविषयी विसरून जाणे हा त्या ज्ञानाचा अपव्यय आहे. वारकरी संप्रदायाने भक्तीच्या क्षेत्रात जी समता मागितली, ती मराठी माणसाने डिस्ट्रिक्टच्या नकाशासमोर बसल्यावर बाजूला ठेवावी, असे त्या संप्रदायात काहीही नाही.

येथे घरखरेदीचा खरा धोका लक्षात येतो. खरेदीपूर्वी आईवडिलांचे मुलावरचे प्रेम हे केवळ प्रेम असते. खरेदीनंतर ते एका मालमत्तेशी बांधले जाते, आणि त्या मालमत्तेची किंमत हद्दीबाहेरची मुले बाहेरच राहण्यावर टिकून असते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी २००१ मध्ये घरमालक-मतदाराविषयी एक सिद्धांत मांडला, त्याचा आशय असा की घर हीच बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी पुंजी असल्याने आणि तिची किंमत घसरण्याविरुद्ध विमा उतरवता येत नसल्याने, घरमालक स्थानिक निवडणुकीत आणि सभांत आपल्या घराची किंमत राखण्यासाठी मतदान करतो. त्यामुळे जो पिता काल नकाशावर रेषेच्या आत येण्यासाठी धडपडत होता, तो आज रेषेचा पहारेकरी होतो, आणि हे रूपांतर त्याच्या स्वतःच्या ध्यानात येतेच असे नाही, कारण दोन्ही वेळा तो मुलाचेच नाव घेत असतो. मूल बारावी होऊन निघून गेल्यावरही पहारा चालू राहतो, यावरून तो मुलासाठी नव्हता हे सिद्ध होते.

याचे एक उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातील वेक काउंटीचे आहे, जेथे रॅले आणि कॅरी या शहरांत मराठी कुटुंबांची वस्ती पुष्कळ आहे. तेथे शहर आणि उपनगर यांची डिस्ट्रिक्ट १९७६ मध्ये एकत्र करण्यात आली, म्हणजे डेट्रॉइटमध्ये जे अशक्य ठरले ते येथे दोनच वर्षांनी घडले. २००० मध्ये मंडळाने असे धोरण स्वीकारले की कोणत्याही शाळेत सवलतीच्या जेवणास पात्र असलेली, म्हणजे अल्प उत्पन्न गटातील, मुले ४० टक्क्यांहून अधिक नसावीत, आणि त्या दृष्टीने हद्दी वेळोवेळी बदलण्यात आल्या. हद्दी सारख्या बदलल्याने आणि मुलांना दूरच्या शाळांत जावे लागल्याने पालकांत असंतोष साचला. २००९ च्या निवडणुकीत विरोधकांचे बहुमत आले आणि २०१० मध्ये धोरण गुंडाळले गेले. या असंतोषातील काही भाग खरा होता. लहान मुलाला रोज तासभर बसमध्ये बसवणे हा त्रास आहे, आणि धोरणकर्त्यांनी तो हलका लेखला. तरीही दहा वर्षे ती व्यवस्था चालली, शाळा कोसळल्या नाहीत, आणि हद्दरेषा माणसे आखतात तशी ती माणसे बदलूही शकतात, हे दिसून आले.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला हा सगळा परक्या देशाचा प्रश्न वाटू शकेल, पण त्याचा धागा येथपर्यंत येतो. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यातील मुख्य तक्रार अशी होती की सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांसाठी होतो. कोणाचा पैसा आणि कोणाची मुले, हा एजवुडचाच प्रश्न फुल्यांनी ८६ वर्षे आधी पुण्यात विचारला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली, जिच्यात परिसरातील सर्व थरांची मुले एकाच शाळेत शिकतील. अमेरिकेचा अनुभव या शिफारशीला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, ती अशी की शेजारच जर विभागलेला असेल तर शेजारशाळा समतेऐवजी विषमता टिकवते. शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला त्यातून सूट दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द ठरवला. ती एक किलोमीटरची रेषाही एक हद्दच होती, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कोणाची मुले राहतील हे ती आखणाऱ्यांना ठाऊक होते.

हद्दीच्या रक्षणासाठी व्यवस्था किती दूर जाते, हे ओहायो राज्यातील २०११ मधील एका प्रकरणावरून समजते. आजोबांचा पत्ता देऊन आपल्या मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमधील शाळेत घालणाऱ्या एका कृष्णवर्णीय आईला खोटी कागदपत्रे दिल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. पुढे राज्यपालांनी तिच्या गुन्ह्याची श्रेणी खाली आणली. तिने आणि हद्दीत घर घेणाऱ्या पालकाने एकच गोष्ट केली होती, मुलांना चांगल्या शाळेत पोहोचवले होते. एकाजवळ कर्ज मिळण्याइतकी पत होती आणि दुसरीजवळ ती नव्हती. खोटे बोलणे चूक आहे हे मान्य करूनही, या दोन पालकांपैकी एक तुरुंगात आणि दुसरा आदरणीय करदाता, हे अंतर कोणत्याही नीतिविचारात बसत नाही.

म्हणून घर घेतलेल्या कुटुंबावर जे ऋण येते ते ठोस आहे, आणि फेडण्याच्या जागाही ठोस आहेत. हद्दी पुन्हा आखण्याचा प्रस्ताव मंडळापुढे येतो तेव्हा, राज्याचा निधी गरीब डिस्ट्रिक्टकडे वळवणारे विधेयक येते तेव्हा, आणि गावात परवडणाऱ्या भाड्याच्या इमारतीला परवानगी मागितली जाते तेव्हा, घरमालक काय बोलतो यावरून त्याच्या अपत्यप्रेमाची परीक्षा होते. यांतली तिसरी जागा न्यू जर्सीत विशेष महत्त्वाची आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल टाउनशिपच्या खटल्यात असे ठरवले की प्रत्येक वाढत्या नगराने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरांचा आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे, आणि १९८३ मध्ये हा आदेश अधिक कडक केला. मार्च २०२४ च्या कायद्यानुसार या कर्तव्याची चौथी फेरी १ जुलै २०२५ रोजी सुरू झाली असून ती दहा वर्षांची आहे. या काळात एडिसन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो आणि इतर गावांच्या नियोजन मंडळांपुढे अशा इमारतींचे प्रस्ताव येत राहतील, शाळांत गर्दी होईल आणि घरांच्या किमती घसरतील असे सांगणारे रहिवासी तेथे जमतील, आणि या जनसुनावण्यांत बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. तेथे राहणाऱ्या मराठी घरमालकांनी त्या सुनावण्यांना जावे, आणि स्वतःच्या मुलासाठी जी शाळा शोधत ते या गावात आले, त्याच शाळेसाठी येऊ पाहणाऱ्या भाडेकरू कुटुंबांच्या बाजूने आपले नाव आणि पत्ता सांगून बोलावे.